झॅबिक्समागचा होस्ट आणि पोस्टग्रेस डेटाबेस सुरक्षित कसा करावा

अनेक कार्यालयांत झॅबिक्सचा, म्हणजे इतर यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचा, सर्व्हर एकदा उभा राहिला की पुढे तो आलेख पाहण्यापुरताच उघडला जातो, आणि त्याच्या सुरक्षेचा विचार संकेतस्थळ, बिलिंग, मेल या सर्वांच्या नंतर होतो. हा क्रम उलटा आहे, कारण या एका यंत्राला बाकीच्या सर्व यंत्रांपर्यंत जाण्याची वाट ठाऊक असते. एप्रिल २०२० च्या अखेरीस सॉल्ट या व्यवस्थापन प्रणालीच्या मास्टरमधील त्रुटी जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच लिनिएजओएस आणि घोस्ट यांच्या पायाभूत यंत्रणेत घुसखोरी झाली. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या व्हीएसए या सॉफ्टवेअरमधून शेकडो लहानमोठ्या व्यवसायांच्या यंत्रांवर खंडणीचे मालवेअर पोहोचले. दोन्ही वेळी हल्लेखोरांना प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे फोडावे लागले नाही.

झॅबिक्सच्या बाबतीत खरा ऐवज डेटाबेसमध्ये असतो. वापरकर्त्यांचे पासवर्ड तेथे बीक्रिप्टने हॅश केलेले, म्हणजे मूळ पासवर्ड सहज परत मिळणार नाही अशा रूपात, असतात, परंतु एजंटच्या (प्रत्येक यंत्रावर बसून माहिती पाठवणाऱ्या कार्यक्रमाच्या) पूर्वसामायिक की, नेटवर्क उपकरणांची स्थिती विचारण्याच्या एसएनएमपी पद्धतीतील पासवर्डसारख्या कम्युनिटी स्ट्रिंग, एसएसएच तपासण्यांचे पासवर्ड, मेल पाठवण्यासाठीचा एसएमटीपी पासवर्ड आणि पडद्यावर तारकांनी झाकलेले गुप्त मॅक्रो (मूल्ये साठवणारी नावे) हे सारे सारणीत साध्या मजकुरात साठवलेले असते. याहून गंभीर गोष्ट लिहिण्याच्या अधिकाराची आहे. ज्याला या डेटाबेसमध्ये एक ओळ बदलता येते, तो स्वतःला सुपर ॲडमिन करू शकतो, स्क्रिप्टच्या सारणीत आपली आज्ञा घालू शकतो आणि झॅबिक्सच्याच हातून ती चालवून घेऊ शकतो. म्हणून या डेटाबेसला सर्व सर्व्हरांच्या रूट खात्याइतकेच जपावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील प्रत्येक पायरी त्याच दृष्टीने लिहिली आहे.

उदाहरणासाठी डेबियन १२, त्याच्यासोबत येणारे पोस्टग्रेसक्यूएल १५ आणि जून २०२४ मध्ये आलेली झॅबिक्सची ७.० ही दीर्घकालीन आवृत्ती गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: होस्टवर काय असावे आणि काय नसावे

हे यंत्र केवळ झॅबिक्ससाठी असावे. त्यावर कंपनीचे संकेतस्थळ, फाईल शेअरिंग किंवा एखाद्या सहकाऱ्याने प्रयोगासाठी टाकलेले दुसरे ॲप असू नये, कारण त्यातील कोणतीही एक त्रुटी थेट या डेटाबेसच्या दारापर्यंत आणून सोडते. चालू असलेल्या सर्व सेवा आणि ऐकणारी सर्व पोर्ट एसएस या आज्ञेने पाहावीत, आणि ज्या पोर्टचे कारण सांगता येत नाही ती सेवा बंद करावी.

एसएसएचसाठी रूटचा थेट प्रवेश आणि पासवर्डने होणारा प्रवेश बंद करून केवळ कीने प्रवेश ठेवावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. अडचण पुढे येते. डेबियनमध्ये एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाईलच्या आरंभीच त्यासोबतच्या उपफोल्डरमधील फाईली वाचल्या जातात, आणि एसएसएच एखाद्या सेटिंगचे पहिल्यांदा आढळलेले मूल्यच ग्राह्य धरते. क्लाऊडवर घेतलेल्या यंत्रात क्लाऊड-इनिटने त्या उपफोल्डरात आपली फाईल टाकून पासवर्डने प्रवेश चालू ठेवलेला असेल, तर मुख्य फाईलमध्ये तुम्ही लिहिलेल्या नकाराला काहीही अर्थ उरत नाही. त्यामुळे फाईल वाचून समाधान मानू नये. एसएसएचडीला मोठ्या लिपीतील टी हा पर्याय देऊन प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग छापून घ्यावी आणि त्या यादीत पासवर्डसमोर नकार दिसतो याची खात्री करावी. सेवा पुन्हा लोड करताना एक जुने सत्र उघडे ठेवावे आणि नव्या खिडकीतून प्रवेश जमल्यावरच ते बंद करावे.

सुरक्षा अद्यतने आपोआप बसावीत म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स बसवले जाते, पण ते मूळ स्थितीत डेबियनच्याच भांडारांकडे पाहते. झॅबिक्स मात्र त्याच्या स्वतःच्या भांडारातून बसवलेले असते, म्हणून त्याची अद्यतने मागे राहतात आणि प्रशासकाला वाटते की सर्व काही ताजे आहे. झॅबिक्सचे भांडार त्या यादीत जोडावे, किंवा आपोआप बदल नको असतील तर महिन्यातून ठरलेल्या दिवशी हाताने अद्ययावत करण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवावी. सीव्हीई-२०२४-४२३२७ या एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला परकी आज्ञा चिकटवता येण्याच्या) त्रुटीचे उदाहरण येथे मोलाचे आहे. एपीआय वापरण्याची परवानगी असलेल्या साध्या वापरकर्त्यालाही तिचा गैरवापर करता येत होता, आणि तिची तीव्रता १० पैकी ९.९ ठरवली गेली. तिचा तपशील नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. दुरुस्ती मात्र ६.०.३२, ६.४.१७ आणि ७.०.१ या आवृत्त्यांत जुलैमध्येच आलेली होती. नियमाने अद्ययावत करणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये धावपळ करावी लागली नाही.

दुसरी पायरी: फायरवॉल, दोन्ही दिशांना

आत येणाऱ्या जोडण्यांसाठी नियम थोडे आहेत. एसएसएच आणि वेबचे ४४३ हे पोर्ट केवळ प्रशासकांच्या नेटवर्कमधून किंवा वायरगार्डच्या व्हीपीएनमधून उघडे असावे. १०,०५१ हे झॅबिक्स सर्व्हरचे पोर्ट केवळ ज्या यंत्रांवर एजंट किंवा प्रॉक्सी (अनेक यंत्रांची माहिती गोळा करून सर्व्हरला देणारा भाग) आहे त्यांनाच दिसावे. ५४३२ हे पोस्टग्रेसचे पोर्ट, डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर, बाहेर कोणालाच दिसण्याचे कारण नाही. झॅबिक्सचे वेब पान थेट इंटरनेटवर ठेवू नये. २०२२ च्या सीव्हीई-२०२२-२३१३१ या त्रुटीमुळे, सॅमल पद्धतीचा (एकाच खात्याने अनेक सेवांत जाण्याचा) प्रवेश चालू असलेल्या सर्व्हरवर, कोणताही पासवर्ड नसलेली व्यक्ती प्रशासक म्हणून आत जाऊ शकत होती. पान व्हीपीएनच्या मागे असलेल्यांपर्यंत बाहेरचा हल्लेखोर पोहोचूच शकत नव्हता.

बाहेर जाणाऱ्या जोडण्या मात्र बहुतेक ठिकाणी मोकळ्या सोडलेल्या आढळतात. घुसखोराला आज्ञा चालवता आली तरी त्याला आपल्या यंत्राकडे जोडणी परत न्यावी लागते, आणि तीच वाट बंद केली तर त्याचे काम फार कठीण होते. झॅबिक्सला बाहेर काय लागते याची यादी लहान असते: एजंटचे १०,०५० पोर्ट, एसएनएमपीचे १६१, मेल सर्व्हर, डीएनएस, वेळेचा सर्व्हर आणि पॅकेजांचे भांडार. एवढेच उघडून बाकी सर्व अडवावे, अडवलेल्या जोडण्यांची नोंद चालू ठेवावी, आणि पहिला आठवडा ती नोंद रोज वाचून राहिलेल्या खऱ्या गरजा जोडाव्यात.

झॅबिक्स किंवा पोस्टग्रेस डॉकरमध्ये चालवत असाल तर येथे विशेष सावध राहावे. कंटेनरचे पोर्ट प्रकाशित केले की डॉकर स्वतःचे नियम लावतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जाते. यूएफडब्ल्यूची यादी ५४३२ बंद असल्याचे दाखवत राहते आणि डेटाबेस जगाला उघडा असतो. डेटाबेसचे पोर्ट प्रकाशितच करू नये. करावेच लागले तर ते १२७.०.०.१ या पत्त्याला बांधावे. दोन्ही बाबतीत दुसऱ्या नेटवर्कवरील यंत्रातून एनमॅप या साधनाने पोर्टची तपासणी केल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

तिसरी पायरी: पोस्टग्रेसमध्ये प्रवेश कोणाला आणि कसा

डेटाबेस कोणाला आत घेतो हे पीजी-एचबीए या फाईलमध्ये ठरते. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम असते. त्या ओळीनुसार पासवर्ड चुकला तरी पोस्टग्रेस पुढची ओळ पाहत नाही. त्यामुळे घाईत कोणीतरी वर टाकलेली, सर्वांना पासवर्डशिवाय आत घेणारी ट्रस्ट पद्धतीची एकच ओळ खालच्या सर्व काटेकोर ओळी निरर्थक करते. ही फाईल पूर्ण वाचावी, ट्रस्ट आणि एमडी५ या पद्धती काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी स्क्रॅम-शा-२५६ लिहावे. आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅमनेच साठवले जातात, परंतु जुन्या आवृत्तीतून आणलेल्या डेटाबेसमध्ये पासवर्ड एमडी५ स्वरूपातच राहतात आणि ते नव्याने ठेवल्याशिवाय बदलत नाहीत. बदल केल्यावर पीजी-एचबीए-फाईल-रूल्स या व्ह्यूमधून फाईलचा अर्थ पोस्टग्रेसने कसा लावला हे पाहावे. ओळीत चूक असेल तर तीही तेथे दिसते.

डेटाबेस त्याच यंत्रावर असल्यास झॅबिक्स सर्व्हरसाठी पासवर्ड ठेवूच नये, अशी एक चांगली सोय आहे. पीअर पद्धतीत पोस्टग्रेस लिनक्सलाच विचारतो की युनिक्स सॉकेटच्या दुसऱ्या टोकाला कोणता वापरकर्ता आहे, आणि झॅबिक्स या लिनक्स खात्याला त्याच नावाच्या डेटाबेस खात्यात घेतो. झॅबिक्सच्या सेटिंगमध्ये डीबीहोस्ट रिकामा ठेवला की तो सॉकेटने जोडतो, आणि फाईलमधील पासवर्डच उरत नाही. वेबचा भाग पीएचपीच्या वेगळ्या खात्याखाली चालतो, त्याला मात्र स्वतंत्र डेटाबेस खाते आणि लांब, यादृच्छिक पासवर्ड द्यावा. ज्या फाईलमध्ये तो पासवर्ड असतो ती त्या पीएचपी खात्याशिवाय आणि रूटशिवाय कोणालाही वाचता येऊ नये.

या सोयीला जोडून एक धोका आहे आणि तो अनेकदा नजरेतून सुटतो. झॅबिक्सचा सर्व्हर आणि त्याच यंत्रावरील एजंट हे दोन्ही मूळ मांडणीत झॅबिक्स याच लिनक्स खात्याने चालतात. एजंटला फाईलचा मजकूर वाचून पाठवणारी तपासणी येते, म्हणजे जी फाईल त्या खात्याला वाचता येते ती, पासवर्डसकट, एका नव्या आयटममधून (झॅबिक्समध्ये नोंदवलेल्या तपासणीतून) वेब पानावर आणता येते. आणि पीअर पद्धत लावली असेल तर एजंटच्या खात्याला थेट डेटाबेसचेच दार उघडे असते. झॅबिक्सची अधिकृत कागदपत्रेही एजंट वेगळ्या खात्याने चालवण्यास सांगतात. नवे खाते तयार करावे, सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये एजंटच्या सेवेसाठी ते नेमावे, लॉग आणि पीआयडी फाईलींची मालकी त्याप्रमाणे बदलावी. हे झाल्यानंतरच पीअर पद्धत वापरावी.

चौथी पायरी: डेटाबेसमधील अधिकार वाटून देणे

बहुतेक ठिकाणी झॅबिक्स हे खातेच डेटाबेसचे मालक असते, आणि काही ठिकाणी तर कोणीतरी अडचण टाळण्यासाठी त्याला सुपरयूजर केलेले असते. सुपरयूजर असणे सर्वांत वाईट, कारण पोस्टग्रेसमध्ये सुपरयूजरला कॉपी या आज्ञेतून लिनक्सवरील कार्यक्रमही चालवता येतो. मग एका एसक्यूएल इंजेक्शनचे रूपांतर थेट होस्टवरील ताब्यात होते. हा अधिकार आजच काढावा.

त्यानंतर तीन खात्यांची रचना करावी. पहिले खाते मालकाचे, ज्याने सहसा कोणी प्रवेश करणार नाही. दुसरे झॅबिक्स सर्व्हरचे आणि तिसरे वेबचे. या दोघांना सारण्यांवर वाचणे, घालणे, बदलणे आणि पुसणे हे चारच अधिकार आणि सीक्वेन्स (आपोआप क्रमांक देणारी सोय) वापरण्याची परवानगी द्यावी. चालू डेटाबेसमध्ये हे करायचे असल्यास आधी बॅकअप घ्यावा, झॅबिक्सच्या सेवा थांबवाव्यात, त्याच डेटाबेसला जोडून पोस्टग्रेसच्या रीअसाईन ओन्ड या आज्ञेने सर्व वस्तूंची मालकी नव्या मालक खात्याकडे न्यावी, मग अधिकार वाटून सेवा सुरू कराव्यात आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची एकही ओळ नाही हे पाहावे. सीक्वेन्सचा अधिकार विसरला तर वाचणे सुरळीत चालते आणि बदल करताना अडते, त्यामुळे तपासताना एक चाचणी होस्ट तयार करून पुसून पाहावा.

या रचनेची किंमत अद्ययावत करताना मोजावी लागते. मोठी आवृत्ती बदलल्यावर झॅबिक्स सर्व्हर सुरू होताना सारण्यांची रचना स्वतः बदलतो आणि मर्यादित अधिकारांनी ते जमत नाही. तेवढ्या वेळापुरते सर्व्हरच्या खात्याला मालक खात्याचे सदस्यत्व द्यावे, अद्यतन पूर्ण झाले की ते काढून घ्यावे, नव्या सारण्यांची मालकी पुन्हा मालक खात्याकडे न्यावी आणि अधिकारांची आज्ञा पुन्हा चालवावी. टाईमस्केलडीबी हा पोस्टग्रेसमधील माहितीचे काळानुसार तुकडे करणारा विस्तार वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की जुने तुकडे पुसण्यासाठी झॅबिक्सला इतिहासाच्या सारण्यांची मालकी लागते. तेवढ्या सारण्या सर्व्हर खात्याकडेच ठेवाव्यात.

डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असेल तर पीजी-एचबीएमध्ये केवळ टीएलएसवरील जोडणीची ओळ ठेवावी, पत्ता झॅबिक्सच्या एकाच यंत्राचा लिहावा, आणि झॅबिक्सच्या बाजूने डीबीटीएलएसकनेक्टचे मूल्य व्हेरिफाय-फुल करून स्वतःच्या प्रमाणपत्र प्राधिकरणाची फाईल दाखवावी. केवळ टीएलएस आवश्यक केल्याने वाहतूक कूटबद्ध होते, पण समोर खरोखर आपलाच डेटाबेस आहे का हे तपासले जात नाही.

पाचवी पायरी: झॅबिक्सचे स्वतःचे दरवाजे

ॲडमिन आणि झॅबिक्स हे सुरुवातीचे नाव व पासवर्ड पहिल्याच प्रवेशात बदलावेत, ७.० मध्ये दुसऱ्या टप्प्याची पडताळणी अंगभूत आली आहे, ती सर्व प्रशासकांसाठी सक्तीची करावी. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एनेबल-ग्लोबल-स्क्रिप्ट्सचे मूल्य ० ठेवावे, म्हणजे डेटाबेसमध्ये घातलेली स्क्रिप्ट खुद्द झॅबिक्स सर्व्हरवर चालणार नाही. एजंटवर दूरस्थ आज्ञा चालवणारी सिस्टम-रन ही तपासणी मूळ स्थितीत नाकारलेली असते आणि ती तशीच राहू द्यावी. एखाद्या कामासाठी ती लागतच असेल तर तेवढीच एक आज्ञा पूर्ण शब्दांत परवानगीच्या यादीत लिहावी. तारकांनी सर्व मोकळे करणारी ओळ म्हणजे त्या यंत्राची किल्ली झॅबिक्सच्या हाती देणे होय.

१०,०५१ पोर्टकडे अधिक बारकाईने पाहणे गरजेचे आहे. सक्रिय एजंट सर्व्हरला आपले नाव सांगून तपासण्यांची यादी मागतो. होस्टची जोडणी कूटबद्धतेशिवाय स्वीकारलेली असेल, तर तेच नाव सांगणाऱ्या कोणत्याही यंत्राला ती यादी मिळते, आणि तिच्यात मॅक्रोंच्या जागी त्यांची खरी मूल्ये भरलेली असतात. एखाद्या तपासणीच्या कीमध्ये पासवर्डचा मॅक्रो असेल तर तोही उघड होतो. म्हणून प्रत्येक होस्टसाठी पूर्वसामायिक की किंवा प्रमाणपत्र सक्तीचे करावे, कूटबद्धतेशिवायचा पर्याय काढावा आणि स्वयंनोंदणी वापरत असाल तर तिच्यासाठीही की ठेवावी.

मॅक्रोंमधील खरी गुपिते डेटाबेसमधून बाहेर काढता आली तर उत्तम. हॅशिकॉर्प व्हॉल्ट किंवा सायबरआर्क यांच्याशी जोडल्यास सारणीत केवळ गुपिताचा पत्ता राहतो. लहान कार्यालयात व्हॉल्ट सांभाळणे जड जात असेल, तर निदान देखरेखीची खाती केवळ वाचण्याच्या अधिकारांची ठेवावीत, म्हणजे ती फुटली तरी हानी मर्यादित राहील.

सिस्टमडीतील कडक पर्याय लावताना नो-न्यू-प्रिव्हिलेजेस हा पर्याय झॅबिक्सच्या सेवेला डोळे झाकून देऊ नये. पिंग तपासणीसाठी लागणाऱ्या एफपिंगला वाढीव अधिकार लागतात, ते त्यामुळे मिळत नाहीत आणि सर्व यंत्रे बंद पडल्याचे इशारे येऊ लागतात.

सहावी पायरी: बॅकअप आणि नोंदी

डेटाबेसचा डंप म्हणजे वर सांगितलेली सर्व गुपिते एका फाईलमध्ये. ती फाईल साध्या स्वरूपात एनएएसवर पडून असेल तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते. डंप घेतानाच तो एज किंवा जीपीजी या साधनाने सार्वजनिक कीने कूटबद्ध करावा आणि उलगडण्याची खासगी की या होस्टवर ठेवू नये. डंपसाठी वेगळे खाते करून त्याला पीजी-रीड-ऑल-डेटा ही केवळ वाचण्याची भूमिका द्यावी. बॅकअपच्या सर्व्हरने येथून फाईल ओढून न्यावी. या होस्टला तिकडे लिहिण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार असू नये. इतिहास आणि कल यांच्या सारण्यांचा मजकूर वगळून रोजचा लहान डंप घेतल्यास संपूर्ण मांडणी काही मिनिटांत परत उभी करता येते, आणि तसे ती दर तिमाहीत एकदा कोऱ्या यंत्रावर उभी करून पाहावी. डिस्कवरील लक्सची कूटबद्धता चोरीला गेलेल्या किंवा भंगारात दिलेल्या डिस्कपुरती उपयोगी आहे. चालू यंत्रावर ती घुसखोराला अडवत नाही.

पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची आणि रचनाबदलांची नोंद चालू करावी. प्रत्येक विधानाची नोंद मात्र टाळावी, कारण त्यामुळे पासवर्ड आणि की लॉगमध्ये उतरतात. झॅबिक्सची स्वतःची ऑडिट नोंद त्याच डेटाबेसमध्ये असल्याने डेटाबेसवर ताबा मिळवणारा ती पुसू शकतो. म्हणून होस्टचे आणि पोस्टग्रेसचे लॉग वेगळ्या यंत्रावर पाठवावेत. भारतातील संस्थांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवणे, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे.

घुसखोरीचा संशय आला तर

यंत्र घाईने बंद करू नये, कारण स्मृतीतील पुरावा त्याबरोबर जातो. नेटवर्कवरच ते वेगळे करावे, व्हर्च्युअल यंत्र असल्यास स्मृतीसह स्नॅपशॉट घ्यावा, आणि डेटाबेसमधील वापरकर्ते, त्यांच्या भूमिका, एपीआय टोकन, स्क्रिप्ट, ॲक्शन आणि मीडिया प्रकार या सारण्या शेवटच्या चांगल्या बॅकअपशी ताडून पाहाव्यात. ६ तासांची मुदत याच वेळी सुरू झालेली असते, त्यामुळे कळवण्याचे काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावे. जुने यंत्र साफ करून पुन्हा वापरू नये. नव्या यंत्रावर नव्याने मांडणी करावी, आणि ते जोडण्यापूर्वी डेटाबेसमध्ये साठवलेले प्रत्येक गुपित बदलावे. आधी दूरस्थ आज्ञांची परवानगी असलेल्या यंत्रांच्या की, मग एसएसएच आणि डेटाबेस तपासण्यांचे पासवर्ड, मग एसएनएमपी आणि मेल. ही यादी शांत काळातच तयार करून छापील स्वरूपात कपाटात ठेवावी, कारण गरज पडेल तेव्हा ती ज्या सर्व्हरवर साठवली आहे तोच कदाचित बंद असेल.